सार्वजनिक हित : पाणवठा कोणाचा?

'सार्वजनिक हित' हा शब्द आपल्या सभांतून, अहवालांतून, देणगीच्या पावत्यांवरून इतका वापरला जातो की त्याचा अर्थ विचारण्याचे कोणास सुचत नाही. विद्यार्थ्यांनी तो विचारावा म्हणून हा अभ्यासलेख. त्यासाठी दूर जावयास नको, आपल्या सातारा जिल्ह्यातील एक प्रवास पुरेसा आहे.

1901 साली सुभेदार रामजी सकपाळ खटाव तालुक्यात कॅशियर म्हणून नोकरीस होते. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत त्या गावाचे नाव कोरेगाव असे दिले आहे, चरित्रकार गोरेगाव असे लिहितात. मात्र ते आपले तालुक्याचे कोरेगाव नव्हे. दुष्काळाने माणसे हजारोंनी मरत होती. त्यांच्या हाताला काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलाव खोदण्यास घेतला होता. उपाशी माणसाला मजुरी आणि मुलखाला पाणी! याहून मोठे लोकहिताचे काम कोणते?

उन्हाळ्याच्या सुटीत लहान भीमराव व घरातील इतर मुले वडिलांकडे निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. दुप्पट भाड्यावर एक गाडीवान कबूल झाला, पण गाडी मुलांनी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे, या अटीवर. रात्री टोलनाक्यावर डबा जवळ असूनही पाणी मिळाले नाही, म्हणून मुले उपाशी झोपली. लोकांसाठी तळे खोदले जात होते, त्या कामाचा पैसा बाप सांभाळत होता, आणि त्याच्या मुलांना त्या वाटेवर घोटभर पाणी नव्हते. 'लोक' या शब्दात ती मुले धरलीच नव्हती.

याच खटाव तालुक्यातील कटगुण हे फुले घराण्याचे मूळ गाव. महात्मा जोतीराव फुले यांनी 1868 साली पुण्यातील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. हौद खाजगी होता, त्या दिवशी तो सार्वजनिक झाला. महाडला याच्या उलट घडले. चवदार तळे नगरपालिकेचे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेकौन्सिलात 1923 साली मंजूर झाला होता, आणि महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला होता. तरी 20 मार्च 1927 रोजी त्या तळ्याचे पाणी प्यालेल्या आपल्या माणसांना मार खावा लागला. पुढे कोर्टकचेरी झाली ती 17 मार्च 1937 रोजी हायकोर्टाचा निकाल लागेपर्यंत. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे! 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या 1936 च्या भाषणात बाबासाहेबांनी याचे मूळ दाखविले आहे. जातीने सार्वजनिक वृत्तीच मारून टाकली, कारण माणसाची जनता म्हणजे त्याची जात एवढीच उरली.

तथागतांची दृष्टी याहून वेगळी होती. संयुत्त निकायात एक छोटे सुत्त आहे. कोणाचे पुण्य रात्रंदिवस वाढत जाते, या प्रश्नाला भगवंतांनी दिलेल्या उत्तरात यज्ञयाग नाहीत. झाडे लावणारे, पूल बांधणारे, पाणपोई व विहीर करणारे, निवारा देणारे यांची नावे आहेत. सम्राट अशोकाने रस्त्याकडेला विहिरी खोदविल्या, झाडे लाविली, ती माणसांसाठी आणि जनावरांसाठीही, असे त्याचा शिलालेख सांगतो. जेथे बैलालाही पाणी आहे तेथे माणसाची जात कोण विचारणार?

आपल्या तालुक्यातील वेळू गावाने 2016 साली पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत पहिला क्रमांक मिळविला, तो श्रमदानाच्या बळावर. चर खोदणाऱ्याला आपण मुरविलेले पाणी कोणाच्या विहिरीत उतरेल हे सांगता येत नाही, तरी तो खोदतो. मला हे फार मोलाचे वाटते. मात्र ज्याच्याजवळ विहीरच नाही, रानच नाही, त्या मजुराच्या घामाचे पाणी त्याच्या दारी कसे यावे, हा प्रश्न अशा प्रत्येक गावात शिल्लक राहतो.

आता थोडे आपल्याकडे पाहू. समाजमंदिर, विहार, अभ्यासिका हे सारे आपण वर्गणी काढून, हाताने विटा वाहून उभे केले. त्याचा अभिमान असावाच. पण शेजारच्या मातंग वस्तीतला, पारधी पालावरचा किंवा गरीब मराठ्याचा मुलगा परीक्षेच्या दिवसांत तेथे येऊन बसतो काय? 'कोणी मनाई केली आहे?' असे आपण म्हणू. पण बोलावले तरी कोणी? मंडळाच्या पुढील सभेत अभ्यासिकेचे हजेरी रजिस्टर कपाटातून काढावे आणि गेल्या वर्षातील वस्तीबाहेरची नावे मोजावीत. विद्यार्थ्यांनीच मोजली तर अधिक बरे.