गणिताचा अभ्यास : विद्यार्थीच विद्यार्थ्यांचे शिक्षक

माध्यमिक शालान्त परीक्षेत गणित हा विषय अनेकांची वाट अडवितो. नाशिक शहरातील विद्यार्थ्यास खाजगी शिकवणीचा आधार मिळू शकतो; पेठ, सुरगाणा या तालुक्यांतील वाड्यापाड्यांवरील मुलामुलींना तो सहसा लाभत नाही. घरात दहावीपर्यंत शिकलेले कोणी नसेल तर सायंकाळी अडलेले उदाहरण सकाळपर्यंत अडूनच राहते. अशा वेळी वर्गमित्र हाच सर्वांत जवळचा शिक्षक होय.

ही कल्पना नवी नाही. पंतोजींच्या शाळेत मोठी मुले लहानांकडून पाढे घोकून घेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल यांनी मद्रास येथे मुलांकरवी मुलांना शिकविण्याची पद्धती राबविली आणि पुढे ती इंग्लंडातही पसरली. तिचा भर मात्र घोकंपट्टीवर होता. गणितात तेवढ्याने भागत नाही.

एक उदाहरण घेऊ. १,२०० रुपये काही विद्यार्थ्यांत समान वाटले. विद्यार्थी ८ ने कमी असते, तर प्रत्येकास ५ रुपये अधिक मिळाले असते. तर विद्यार्थी किती? विद्यार्थी ‘क्ष’ मानल्यावर पुष्कळ मुले १२००/क्ष मधून १२००/(क्ष − ८) वजा करून बाकी ५ मांडतात. त्यावरून क्ष² − ८क्ष + १९२० = ० हे समीकरण येते. त्याचा विवेचक ६४ − ७६८० म्हणजे ऋण असल्याने वास्तव मुळे मिळत नाहीत, आणि मुलगा वही मिटतो. येथे हुशार सोबत्याने ‘तुझे चिन्ह चुकले’ असे सांगून मोकळे होणे ही मदत नव्हे. ‘माणसे कमी झाली तर वाटा वाढेल की घटेल?’ एवढेच त्याने विचारावे. मोठ्या वाट्यातून लहान वाटा वजा करावयाचा हे मग अडलेल्यास आपणच उमगते. क्ष² − ८क्ष − १९२० = ० याची मुळे ४८ आणि −४०; विद्यार्थ्यांची संख्या ऋण असू शकत नाही, म्हणून उत्तर ४८. ताळाही तोंडी घेता येतो : ४८ जणांस २५ रुपये, ४० जणांस ३० रुपये.

उत्तर जुळले म्हणजे काम संपले, ही गटातील अभ्यासाची मोठी खोड आहे. तिच्यावर देवळालीच्या एका शिक्षकाचे संशोधन चांगला उतारा ठरते. १९३० ते १९६२ या काळात तेथील शाळेत अध्यापन केलेले द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये ६१७४ या संख्येचा गुणधर्म दाखवून दिला. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी. आलेल्या बाकीवर हीच क्रिया करीत जावे. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेतल्यास ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४ अशा पूर्ण सात पायऱ्या लागतात. गंमत अशी की, मध्ये एखादी वजाबाकी चुकली तरी बहुधा शेवटी ६१७४ च येते! तेव्हा चौघांचे उत्तर एक आले तरी चौघांच्या वह्या तपासाव्याच लागतात. शालान्त परीक्षेतही गुण केवळ अंतिम उत्तरास नसून पायऱ्यांनाही असतात, हे येथे लक्षात ठेवावे.

गट चार-पाच जणांचा पुरे. प्रत्येकाने प्रथम दहा मिनिटे एकट्याने झगडावे, नंतरच वह्या एकत्र याव्यात. फळ्यापाशी उभे राहण्याची पाळी कच्च्या मुलाचीही असावी, कारण समजावून सांगताना कोठे अडते ते त्याचे त्यालाच कळते. हुशार मुलाचा वेळ वाया जातो ही पालकांची तक्रार फारशी टिकणारी नाही, ‘असे का?’ या प्रश्नाचे उत्तर देताना त्याचीही रीत पक्की होते. सारा गट एकच चूक करीत असेल तर ती ओळखण्यास मात्र शिक्षकच हवा, म्हणून आठवड्यातून एकदा तरी त्यांनी वह्या पाहाव्यात.

पंचायत सदस्यांनी करावयाचे काम साधे आहे. समाजमंदिराची किल्ली सायंकाळी वेळेवर मिळावी, आत दिवा व फळा असावा, आणि मुलींना अंधार पडण्यापूर्वी घरी परतता येईल अशी वेळ त्यांच्या पालकांना विचारूनच ठरवावी.