माशांच्या टाकीचं पाणी आपोआप बदलेल का?

प्रश्न : आमच्या घरी पाच फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी माशांची काचेची टाकी आहे. त्यात ऑस्कर आहेत. दर रविवारी निम्मं पाणी काढून नवं भरायचं म्हणजे बादल्या उचलून कंबर धरते. हे काम आपोआप होईल का? आम्ही गावाला गेल्यावर घरात पाणी सांडायला नको, ही मोठी काळजी आहे.
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : होईल, आणि त्यासाठी सेन्सर, ॲप, महागडी यंत्रं यांतलं काही लागणार नाही. मात्र सुरुवात पाणी आत आणण्यापासून करू नका. आधी जादा पाण्याला बाहेरची वाट करून द्या.

कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. राधानगरी धरण भरलं की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे एकेक करून उघडतात आणि पातळी उतरली की आपले आपण मिटतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत जातं. बटण दाबायला तिथं कुणी बसलेलं नसतं, वीजही लागत नाही; सगळं काम पाण्याची पातळीच करते. तुमच्या टाकीतही निचरा असाच पातळीवर सोपवा.

त्यासाठी मागच्या काचेला, वरच्या काठापासून दोन-तीन इंच खाली भोक पाडून एक इंची टँक निपल बसवा. तिथून पीव्हीसी पाइपला चांगला ढाळ देऊन तो बाल्कनीच्या जाळीपर्यंत न्या. भोक पाडताना टाकी रिकामी हवी. काच टफन्ड असेल तर भोक पाडता येत नाही, ती तडकून चुरा होते. म्हणून टाकी बनवणाऱ्याला आधी विचारा. निपलच्या तोंडाला जाळी लावा आणि त्याच्या इंचभर वर दुसरं निपल बसवून त्यालाही वेगळा पाइप जोडा. पहिली जाळी पानांनी किंवा गोगलगायींनी तुंबली तर हे दुसरं निपल घर वाचवतं. भोक न पाडता काठावरून वाकडी नळी टाकून सायफन करणारेही आहेत, पण नळीत हवा साचली की सायफन तुटतो. घर बंद करून जाणाऱ्यानं त्यावर विसंबू नये.

आता आवक. तुमच्या टाकीचं माप वीस घनफूट, म्हणजे साधारण ५६५ लिटर. वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर पाणी पाचशेच्या आसपास. रोज त्याचा दहावा भाग, पन्नास लिटर, थेंबाथेंबानं आत पडत राहिला आणि तेवढाच निपलमधून बाहेर गेला की पाणी बदलण्याचं काम चोवीस तास चालू राहतं. थेंब मोजून सोडणारी वस्तू आपल्याकडे उसाच्या फडात सगळीकडे दिसते : ठिबकचा ड्रीपर. शेती साहित्याच्या दुकानात तो काही रुपयांत मिळतो.

इथं एक बारकावा आहे. ड्रीपरवर लिहिलेला ताशी ४ लिटर हा आकडा एक किलो प्रेशरचा असतो. गच्चीवरची टाकी ड्रीपरपेक्षा दहा फूट उंच असेल तर प्रेशर पाव किलोच्या थोडं वर, ०.३ किलो मिळतं. साध्या ड्रीपरचा प्रवाह प्रेशरच्या वर्गमुळानुसार घटतो, त्यामुळे तो ताशी चारऐवजी सव्वादोन लिटरच्या आसपास सोडेल. दिवसाचे झाले पन्नासेक लिटर, आपल्याला हवे तितकेच. प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रीपर मात्र घेऊ नका; त्याला यापेक्षा बरंच जास्त प्रेशर लागतं. गच्चीवरच्या टाकीतून निघणाऱ्या लॅटरलला, म्हणजे ठिबकच्या मुख्य नळीला, एक छोटा फिल्टर लावा. तिथून खाली चार मिलिमीटरची बारीक नळी आणा आणि ड्रीपर तिच्या टोकाला, टाकीच्या बरोबर वर टांगा. ड्रीपर निसटला तरी बारीक नळीतून येणारं पाणी टाकीतच पडेल आणि एक इंची निचऱ्याला ते जड जाणार नाही.

नळीचं तोंड पाण्यात बुडता कामा नये. गच्चीवरची टाकी रिकामी झाली आणि खालच्या मजल्यावर कुणी नळ सोडला, तर माशांचं पाणी उलटं ओढलं जाऊन घरच्या पिण्याच्या पाण्यात मिसळू शकतं.

दोन पंप आणि दोन टायमर लावून एकानं उपसायचं, दुसऱ्यानं भरायचं, अशी जोडणी कुणी सुचवली तर नको म्हणा. लाइट गेली, एक पंप अडकला किंवा टायमर मागेपुढे झाला की एक तर मासे कोरडे पडतात, नाही तर बैठकीची खोली भिजते.

पाणी बदलायचं ते नायट्रेटसाठी. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. तिथं त्यांचं काम संपतं. समजा तुमच्या टाकीत रोज लिटरमागे २ मिलिग्रॅम नायट्रेट वाढतं. दर रविवारी निम्मं पाणी बदललं तर आकडा १४ ते २८ असा वरखाली होत राहील. ठिबकनं तो २० वर स्थिर राहतो. सरासरी जवळपास तीच, पण माशांना रविवारचा झटका बसत नाही. डिसेंबरच्या सकाळी अडीचशे लिटर गार पाणी एकदम अंगावर येणं ऑस्करला अजिबात मानवत नाही. पाणी मात्र जास्त लागतं, आठवड्याला अडीचशेऐवजी साडेतीनशे लिटर. शहरी पुरवठ्यात माणशी रोज १३५ लिटर धरतात. त्यातल्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पाणी तुमचे मासे घेणार. ते गटारात सोडू नका. निचऱ्याचा पाइप बाल्कनीच्या जाळीजवळ ठेवलेल्या पिंपात सोडा आणि तेच पाणी झाडांना घाला. नायट्रेट हे झाडांचं खतच आहे.

क्लोरीनची भीती ठिबकमध्ये कमी. ताशी सव्वादोन लिटर पाणी पाचशे लिटरमध्ये पडताना दोनशे पटींहून जास्त विरळ होतं. पावसाळ्यात गढूळपणामुळे क्लोरीनची मात्रा वाढते, तेव्हा लॅटरलवर कार्बन फिल्टर असलेला बरा. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपलाइननं शहरात आलं, तरी २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत उपसा केंद्रं बुडून नळ कोरडे पडले होते, हे विसरून चालणार नाही. अशा दिवसांत ड्रीपरचा कॉक बंद करा, खाद्य निम्म्यावर आणा आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी ठेवा. भरल्या पोटाच्या माशांपेक्षा उपाशी मासे टाकी कमी घाण करतात आणि आठवडाभर ते सहज तग धरतात.

वाळूतली घाण उपसणं आणि फिल्टरचा स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळणं ही कामं हातानंच करावी लागतील. ठिबक फक्त विरघळलेली घाण नेतं.

आणि गावाला निघण्याआधी एक चाचणी घ्या. ड्रीपर काढून बारीक नळी तशीच टाकीत सोडा, खालच्या निपलच्या जाळीवर हात दाबून धरा आणि वरच्या निपलमधून सगळं पाणी नीट वाहून जातंय का ते पाहा. पाणी काठाकडे चढू लागलं तर वरचा पाइप मोठा घाला आणि पुन्हा तपासा.