आधी कारवानीची बाज, मग टीपॉय



आक्कांच्या फोनवरून दोन बातम्या एकदमच कळल्या. घरात कारवानी पिल्लू आलं आहे आणि भाचेबुवांना सुतारकामाचा नाद लागला आहे. तिसरी बातमी आक्कांनी हसू आवरत सांगितली: पिल्लू काटकोन बघायचा गुण्या तोंडात धरून थेट सोयाबीनच्या रानात पळालं. यात पिल्लाचा काही दोष नाही.

कारवानी हा पळण्यासाठीच जन्मलेला कुत्रा. तो वासापेक्षा नजरेवर शिकार करतो. काही हललं की मागे सुटायचं, हे त्याच्या रक्तात आहे. चाकूर तालुक्यातलं जानवळ या कुत्र्यांसाठी नावाजलेलं. लोहा तालुक्यात माळेगावच्या यात्रेत घोडे, उंट, गाढवांच्या जोडीला कुत्र्यांचंही प्रदर्शन भरतं. खंडोबाच्या दारात कुत्र्याचा मान मोठाच. याच जातीला कर्नाटकात मुधोळ म्हणतात आणि त्या नावानं 2005 मध्ये टपाल खात्यानं तिकीटही काढलं. असा प्राणी दिवसभर साखळीला बांधला तर तो आधी चपला खाईल, मग पटाशीची मूठ आणि शेवटी मालकाचं डोकं. उन्हं चढायच्या आत त्याला मोकळ्या रानात दमवावं, मगच करवत हाती घ्यावी. मात्र सशामागे सोडायचा मोह नको. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे आणि ‘आमचे आजोबा करायचे’ हे उत्तर वनखात्यापुढे चालत नाही. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोचून घ्यावी.

आता लाकडाचं. म्हणे पहिल्यांदा टीपॉय करायचा बेत आहे. तो राहू दे. कारवानीच्या अंगावर चरबी नसते, केसही आखूड. फरशीवर बसून बसून त्याच्या कोपरांना घट्टे पडतात आणि पौषाच्या थंडीत तो कुडकुडतो. त्याला जमिनीपासून वीतभर उंच अशी छोटी बाज लागते. चार पाय, चार आडवे दांडे, वर नवारपट्टी. पायात भोक पाडायचं, दांड्याच्या टोकाला कुसू काढायची आणि ती भोकात घट्ट बसवायची. खिळा एकही नाही. असे आठ सांधे नीट जमले तर सुतारकामाची निम्मी विद्या हाताला लागते. टीपॉयवर काय, शेवटी वर्तमानपत्रच पडून राहतं.

लाकूड बाभळीचं घ्यावं. किनवट-माहूरकडचा साग देखणा खरा, पण महाग. शिवाय स्वतःच्या बांधावरचा साग असला तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय त्याला कुऱ्हाड लावता येत नाही. मराठवाड्यातली औतं, तिफणी, बैलगाड्या बाभळीच्या टणकपणावर चालल्या. तिची खोड एवढीच की ओली असताना घाई केली तर ती तडकते. ओंडक्याची टोकं आधी वाळतात आणि तडा तिथूनच आत शिरतो. म्हणून टोकांना शेण लिंपून ओंडका सावलीत ठेवतात. बाहेरचं पांढरट लाकूड किडा पोखरतो, त्यावर जुने सुतार ओंडका पाण्यात मुरत घालत. सांध्यासाठी आतला तांबूस गाभाच वापरावा.

सांध्याला कमी लेखू नये. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात किल्लारी परिसरात दगडमातीच्या जाड भिंती ढासळल्या, डोक्यावर माळवदाच्या मातीचा भार होताच. तरीही काही घरांत भिंती पडल्या आणि लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा मात्र उभा राहिला. पुढे जुनी घरं बळकट करताना खांब आणि तुळई मिळतात त्या कोपऱ्यात तिरपे टेके देण्याचा उपाय सुचवला गेला, तो याच सांगाड्याला आधार म्हणून. कुत्र्याच्या बाजेवर कुणाचा जीव टांगलेला नाही, हे कबूल. पण हाताला वळण लागायचं ते अशाच कामात लागतं.

एक धोका आवर्जून सांगायचा. फुगणारा पॉलियुरेथेन गोंद पिल्लानं चाटला तर तो पोटात फुगून घट्ट गोळा होतो आणि थेट शस्त्रक्रियेची वेळ येते. गोंद, पॉलिश, टर्पेंटाइन उंच फळीवर ठेवावं आणि काम संपलं की भुसा झाडून टाकावा.

हे सगळं मोबाइलवर बघून येत नाही. रंध्याचं पातं किती बाहेर काढायचं, हे शेजारी बसूनच कळतं. गावातल्या सुतारकाकांकडे जावं, पण पेरणीच्या तोंडावर नको. तेव्हा त्यांच्या दारात कोळपी आणि वखरांची रांग असते. दिवाळीनंतर जावं, महिनाभर नुसती पाती पाजळायला बसावं आणि शिकवणीचे पैसे त्यांनी न मागता द्यावेत. बलुत्यावर काम करून घेण्याचे दिवस गेले.

तुझा,
मामा