बी सोडण्याआधी पीसीआर

हॅचरीच्या टाकीत व्हेनामी कोळंबीचं बी पाहिलं की सगळं सारखंच तरतरीत दिसतं. त्यात पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू किंवा ईएचपी हा सूक्ष्म परजीवी आहे का, हे नजरेला कळत नाही. पीसीआरला कळतं: रोगजंतूच्या डीएनएचा ठरावीक तुकडा सापडला, की ही चाचणी त्याच्या लाखो प्रती काढून तो दाखवते. हॅचरी आपला रिपोर्ट देतेच. तो घ्या, पण नमुना स्वतः काढा.

आधी टाकी ठरवा. त्याच टाकीतलं बी मिळणार असेल तरच चाचणीला अर्थ. मग कडेने, मधून, तळालगत जाळी फिरवून किमान १५० पिल्लं घ्या. शंभरात दोनच बाधित असली, तरी एवढ्या नमुन्यात निदान एक येण्याची शक्यता ९५ टक्के असते. दहा-वीस पिल्लांचा रिपोर्ट म्हणजे मनाचं समाधान. सुस्त, कडेला लागलेली पिल्लं टाळू नका. उलट तीच आधी उचला.

पाणी निथळून पिल्लं त्यांच्या दहापट, ९५ टक्क्यांच्या इथेनॉलमध्ये टाका. फॉर्मेलिन नको, त्याने डीएनए खराब होतो. टाकीचा क्रमांक आणि तारीख पेन्सिलीने कागदावर लिहून चिठ्ठी बाटलीत सोडा. पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

प्रयोगशाळेला दोन्ही चाचण्या स्पष्ट सांगा. पिल्लांचे डोळे काढतात का, हेही विचारा. डोळ्यांतल्या द्रव्यांमुळे पीसीआर अडते आणि बाधित बीही ‘निगेटिव्ह’ ठरू शकतं. डोक्याचा बाकी भाग मात्र हवाच, कारण ईएचपी तिथल्या पचनग्रंथीत असतो.

पॉझिटिव्ह आलं तर बी नाकारा. दुसरीकडे पुन्हा तपासून मनासारखा कागद मिळवण्यात काही राम नाही. ईएचपीने कोळंबी सहसा एकदम मरत नाही. ती वाढत नाही, आणि तुम्ही खाद्य ओतत राहता. निगेटिव्ह आलं तरी तलाव स्वच्छ हवा. बी ‘एसपीएफ’ असलं, तरी त्याचा अर्थ ठरावीक रोगजंतूंपासून मुक्त एवढाच. रोग होणारच नाही अशी हमी नव्हे. खाडीतून शिरणारे खेकडे ठिपक्यांचा विषाणू आणतात, म्हणून बांधाला खेकडा-जाळी लावा आणि पाणी गाळून, क्लोरीन मारून घ्या.

बी सोडल्यावर महिन्याभराने चेक ट्रेमधले (खाद्य तपासायच्या ताटातले) विष्ठेचे दोरे इथेनॉलमध्ये गोळा करून पुन्हा ईएचपीसाठी पाठवा. त्यासाठी एकही कोळंबी मारावी लागत नाही.