घरपट्टी जास्त आली? आधी नोंद पाहा, मग हरकत घ्या

सिंदखेडराजा तालुक्यातल्या दुसरबीडच्या घराची घरपट्टी ग्रामपंचायत ठरवते. 2015 च्या अखेरीस नियम बदलले आणि आकारणी भांडवली मूल्यावर आली. घराचे क्षेत्रफळ, जागेचा रेडी रेकनरमधला दर, बांधकामाचा प्रकार, घराचे वय आणि वापर या पाच गोष्टींवर आकडा उभा राहतो. त्यामुळे 'टॅक्स लई वाढला' एवढ्यावर कोणी दाद देणार नाही. यांतली कोणती नोंद चुकली ते दाखवता आले पाहिजे.

काय करावे

- नमुना 8 चा उतारा काढा. आकारणीची मूळ नोंद त्यात असते. मागणी बिलावर नुसती रक्कम दिसते, ती कशी आली ते कळत नाही. उतारा देणे ही सेवा हमी कायद्यातली सेवा आहे, त्यासाठी कोणाची मनधरणी करायची गरज नाही.

- टेप घेऊन घर स्वतः मोजा. 20 बाय 30 फुटांचे घर म्हणजे 600 चौरस फूट, सुमारे 55.74 चौरस मीटर. उघडे अंगण बांधकामात धरलेले नाही ना, पाडलेला गोठा किंवा खोली अजून नोंदीत नाही ना, हे पाहा.

- बांधकामाचा प्रकार तपासा. सर्वांत महागात पडणारी चूक बहुधा इथेच असते. दगड-विटा आणि मातीच्या घराचा दर भांडवली मूल्याच्या हजार रुपयांमागे 60 ते 120 पैसे, तर आरसीसीचा 120 ते 200 पैसे. मातीच्या भिंतींवर टिनपत्रे असलेले जुने घर 'आरसीसी' म्हणून चढले, तर दरही वाढतो आणि मूल्यही.

- घराचे वय पाहा. घर जुने होत जाते तसा घसारा धरून मूल्य कमी व्हायला हवे. वडिलांच्या काळातली कर पावती, जुना उतारा, घर नावावर चढल्याचा ठराव, जे सापडेल ते जोडा.

- पुढे दुकान आणि मागे घर असेल तर दोन्हींची वेगळी नोंद मागा. रस्त्याकडेच्या घरांसाठी हे फार महत्त्वाचे. राहत्या भागाचा भारांक, म्हणजे वापराप्रमाणे लागणारा गुणक, 1, तर व्यावसायिक भागाचा 1.25. समजा भांडवली मूल्य 5 लाख आणि दर 120 पैसे आहे. सगळे राहते धरले तर 600 रुपये होतात, सगळेच दुकान धरले तर 750. दुकान एका खोलीत असेल तर जादा भारांक त्या खोलीपुरताच.

- आकारणी यादी प्रसिद्ध झाली की नोटिशीतल्या मुदतीत लेखी हरकत द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही-शिक्का घ्या. फेरआकारणी चार वर्षांनी होते. ही वेळ हुकली की चुकीची नोंद पुढची वर्षे तशीच चालते.

- निकाल पटला नाही तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124 प्रमाणे सिंदखेडराजा पंचायत समितीकडे अपील करा. तिथेही समाधान झाले नाही, तर बुलढाणा जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. मुदत किती ते पहिल्याच दिवशी लेखी विचारा.

- घरात माजी सैनिक किंवा सैनिकाची विधवा असेल तर करमाफीचा वेगळा अर्ज करा. 2020 पासून राज्यात तशी योजना आहे. हा त्यांचा हक्क आहे आणि तो माहीत नसल्याने अनेक वृद्ध बाया दरवर्षी पैसे भरत राहतात, याचे फार वाईट वाटते.

काय टाळावे

- हरकत दिली म्हणून भरणा थांबवू नका. 'हरकत कायम ठेवून रक्कम भरत आहे' असे लेखी देऊन भरा आणि नमुना 10 ची पावती जपा. थकबाकीवर मागणी लेख निघतो, पुढे जंगम मालाची जप्तीही होऊ शकते. घरातल्या कोणाला ग्रामपंचायतीला उभे राहायचे असेल तर थकबाकी अपात्रतेचे कारण ठरते.

- ग्रामसेवकाशी, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याशी, तोंडी बोलून 'करून देतो' यावर विसंबू नका. माणूस चांगला असला तरी त्याची बदली होते, कागद दप्तरात राहतो.

- शेजाऱ्याची घरपट्टी कमी आहे, हा मुद्दा एकटा मांडू नका. त्याचे घर वेगळ्या प्रकारचे किंवा जुने असू शकते. दोन्ही उतारे समोर ठेवता आले तरच तुलनेला वजन येते.

- पाणीपट्टी आणि दिवाबत्ती कर घरपट्टीत मिसळून भांडू नका. बिलातला कोणता रकाना वाढला ते आधी पाहा.

- सिंदखेडराजा शहरातल्या पाहुण्याचा अर्ज उतरवून काढू नका. तिथे नगरपरिषद आहे, कायदा वेगळा आणि अपिलाची वाटही वेगळी.

- नमुना 8 वर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली असे समजू नका. भावाभावांचा वाटणीचा वाद या हरकतीत आणला, तर आकारणीचा साधा मुद्दाही अडकून पडतो.