रात्रींचें काम आणि झेड ड्राइव्ह

ठरलेल्या वेळीं आपोआप काम करून घेण्याची सोय विंडोज संगणकांत असते. तिला टास्क शेड्यूलर म्हणतात. दिवसभर लिहिलेलीं गुणपत्रकें, फीचे हिशेब, दुकानाची खतावणी यांची नक्कल रोज रात्रीं सर्व्हरवर ठेवावी, एवढें काम तिच्याकडे सोंपविलें कीं मनुष्य निश्चिंत होतो. परंतु पुष्कळदां असें घडतें कीं, दिवसा हातानें चालविलेलें काम बिनचूक होतें आणि तेंच रात्रीं होत नाहीं. पुढें एके दिवशीं मूळ डिस्क बिघडते, आणि नक्कल शोधूं जावें तों सर्व्हरवर कांहींच नसतें! असें कां होतें, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

सर्व्हरवरील फोल्डरला आपण सोयीसाठीं एक अक्षर देतों व त्यास झेड ड्राइव्ह म्हणतों. हें अक्षर संगणकाचें आहे असा सामान्य समज असतो. वस्तुतः जो मनुष्य लॉग-इन करितो, त्याच्या त्या सत्रापुरतेंच तें असतें. घरांत आई मुलास म्हणते, "काकूकडे हा डबा देऊन ये," आणि मूल बरोबर जातें. तेंच टपालवाल्यास सांगितलें तर तो विचारील, "कोण काकू? कोणती गल्ली?" कोणी लॉग-इन नसतांनाही चालणारें काम या टपालवाल्यासारखें आहे. त्याच्यासाठीं विंडोज निराळें सत्र उघडतें, व त्यांत झेड नांवाचें कांहीं नसतें. सर्वोच्च अधिकारानें चालविलेल्या कामासही, तोच मनुष्य लॉग-इन असतांना, बहुधा हें अक्षर दिसत नाहीं.

यावरून पहिला उपाय उघड आहे. कामांत अक्षर न लिहितां पूर्ण पत्ता लिहावा. म्हणजे आरंभीं दोन उलट्या तिरक्या रेघा, मग सर्व्हरचें नांव, पुन्हां एक रेघ आणि फोल्डरचें नांव, असें: \\सर्व्हर\निकाल.

दुसरी गोष्ट, काम कोणाच्या नांवानें चालतें तें पाहावें. पासवर्ड साठवूं नये अशी खूण केली असेल, तर त्या कामास स्वतःच्या संगणकावरील वस्तु मिळतात. नेटवर्कवरील मिळत नाहींत. 'सिस्टिम' या खात्यानें चालणारें काम नेटवर्कवर मनुष्याच्या नव्हे, तर संगणकाच्या नांवानें जातें. सर्व्हर त्यास ओळखीलच असें नाहीं. म्हणून या कामापुरतें एक वेगळें खातें काढावें व त्याचा पासवर्ड साठवावा. पुढें तो पासवर्ड बदलला, तर शेड्यूलरमध्येंही बदलण्यास विसरूं नये.

तिसरी गोष्ट अनुमतीची. सर्व्हरवर दोन दारें असतात: एक सामायिक फोल्डरच्या अनुमतीचें व दुसरें त्याच फोल्डरच्या सुरक्षेचें. दोन्ही ठिकाणीं त्या खात्यास लिहिण्याची मुभा पाहिजे. एक दार उघडें असून भागत नाहीं.

आतां परीक्षा कशी करावी? कामाची वेळ पांच मिनिटें पुढची ठेवावी, लॉग-ऑफ करावें, आणि मग सर्व्हरवर नवी फाइल आली कीं नाहीं तें पाहावें. यादींत शेवटचा निकाल शून्य दिसला तरी तेवढ्यावर भिस्त ठेवूं नये. कित्येक बॅच फाइली आंतील नक्कल फसली तरी शून्यच कळवितात. रोबोकॉपी वापरीत असल्यास तिचा वृत्तांत आपल्याच डिस्कवरील फाइलींत लिहवून घ्यावा. त्यांत चुकीचा आंकडा ३ असेल तर मार्ग सांपडला नाहीं, ५ असेल तर प्रवेश नाकारला, ५३ असेल तर सर्व्हरपर्यंतच पोहोंचतां आलें नाहीं, असें समजावें. मात्र काम संपतांना रोबोकॉपीनें १ हा आंकडा दिला तर घाबरूं नये. नक्कल झाली असाच त्याचा अर्थ आहे. ८ व त्यापुढील आंकडे अपयशाचे होत.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या घरीं किंवा वडिलांच्या दुकानीं असें रात्रींचें काम लावलेलें असेल, तर या आठवड्यांत सर्व्हरवरील शेवटच्या नकलेची तारीख पाहा, आणि तींतील एक फाइल उघडून वाचा. वर्षभराचा हिशेब हरवल्यावर हळहळण्यापेक्षां हे पांच मिनिटांचे श्रम बरे.