पलायनाची पूर्वतयारी

विद्यार्थिमित्रहो, मधल्या सुट्टींत तुमचा एक आवडता विषय आमच्या कानीं वारंवार पडतो. मेलेलीं माणसें उठून जिवंतांच्या मागें लागलीं, तर कोणत्या वाहनांत बसून कोठें पळावें? अशा चालत्या प्रेतांस चित्रपटांत झॉम्बी म्हणतात. हें संकट काल्पनिक आहे, हें तुम्ही जाणतांच. तरी तुमचा प्रश्न पोरकट नाहीं. सन २०११ च्या मे महिन्यांत अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानें याच कल्पनेच्या निमित्तानें लोकांस पूर्वतयारीचा पाठ दिला.

तो पाठ अगदीं साधा होता. पाणी, टिकाऊ अन्न, औषधें व महत्त्वाचे कागद एकत्र बांधून ठेवावे. कुटुंबानें भेटण्याच्या दोन जागा ठरवाव्या, एक घराजवळ व दुसरी वस्तीबाहेर. पळण्याचे एकाहून अधिक मार्ग आधींच नेमावे. जो झॉम्बींकरितां सिद्ध झाला, तो वादळ, भूकंप व सांथ यांकरितांही सिद्ध झाला, हें त्यांतील मर्म.

अशा तयारीची खरी परीक्षा त्याच वर्षीं ११ मार्च रोजीं जपानांत झाली होती. दुपारीं २ वाजून ४६ मिनिटांनीं ९.० तीव्रतेचा भूकंप झाला, आणि त्यामागून समुद्र किनाऱ्यावर चढून आला. कामाइशी नगरांतील एका माध्यमिक शाळेचीं मुलें सूचनेची वाट न पाहतां उंच जागेकडे धांवलीं. त्यांस पाहून शेजारच्या प्राथमिक शाळेचीं मुलेंही निघालीं. मोठ्यांनीं लहानांचे हात धरले. नेमलेल्या जागीं पोंचल्यावर मागील कडा ढासळतांना दिसला, म्हणून तीं आणखी वर गेलीं, आणि तेथूनही वर. दोन्ही शाळा लाटेखालीं बुडाल्या. पळालेलीं सुमारें ६०० मुलें वांचलीं. प्राध्यापक कातादा यांनीं तेथील मुलांस कित्येक वर्षें तीन नियम शिकविले होते: नकाशावर विसंबूं नका, होईल तितकी शिकस्त करा, सर्वांच्या आधीं तुम्ही निघा.

इशिनोमाकी येथील ओकावा प्राथमिक शाळेची हकीकत मात्र निराळी आहे. शाळेमागें टेकडी होती. तरी कोठें जावें हें न ठरल्यामुळें मुलें सुमारें ५० मिनिटें पटांगणांतच थांबलीं. अखेर तीं नदीवरील पुलाकडे निघालीं, आणि लाटेनें त्यांस गांठलें. शाळेचीं ७४ मुलें व १० शिक्षक गेले. सन २०१८ मध्यें सेंदाईच्या उच्च न्यायालयानें पूर्वतयारींतील हयगय हाच दोष ठरविला, व पुढील वर्षीं तो निर्णय कायम झाला. हें वाचतांना आम्हां शिक्षकांची मान खालीं जाते. जे मुलांबरोबरच बुडाले, त्यांच्या मायेंत उणें नव्हतें. उणीव होती ती आधीं केलेल्या निश्चयाची.

आतां वाहनाविषयीं. त्या दिवशीं कित्येक ठिकाणीं मोटारींची दाटी होऊन लोक आंतच अडकले. उंची जवळ असेल तर पाय हेंच खात्रीचें वाहन. गाडी राखावी ती वृद्ध, आजारी व अधू यांच्यासाठीं.

पालकांस एक विनंति. त्या किनाऱ्यावर 'त्सुनामी तेंदेंको' अशी म्हण आहे. लाट आली कीं ज्यानें त्यानें आपापलें निघावें, असा तिचा अर्थ. ऐकतांना ती स्वार्थाची वाटते. परंतु तिच्या मुळाशीं विश्वास आहे. मूल निघालें असेल हें आईस ठाऊक असतें, आई निघाली असेल हें मुलास ठाऊक असतें. म्हणून कोणी कोणासाठीं मृत्यूच्या तोंडीं परत जात नाहीं. असा विश्वास ऐन संकटांत उत्पन्न होत नाहीं. तो घरांत, आधीं बोलून ठेवावा लागतो.

नोहानें तारूं बांधिलें तें पाऊस सुरू होण्यापूर्वीं. तेव्हां आज रात्रीं जेवतांना सर्वांनीं मिळून तीन गोष्टी ठरवा: कोठें भेटावें, कोणत्या दोन वाटांनीं जावें, आणि घरांतील दुर्बळाचा हात कोणीं धरावा. झॉम्बी येणार नाहींत. परंतु पूर येतो, आग लागते, भूमि हालते.